सुटं परवडत नाही: डोंबिवलीतल्या एका केबल बिलाचं प्रकरण

फेब्रुवारी २०१९ मधली गोष्ट. काकांचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, प्रकृतीचं काहीतरी असणार. "रविवारी मोकळा आहेस का रे? केबलचं बिल बघायचंय." काका मध्य रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांवर लाल पेन्सिल चालवली, आणि आता केबलच्या कागदापुढे हात टेकले होते. मी ठाण्यात एका सीएकडे हिशेबाची कामं करतो, एवढ्या भांडवलावर घरात माझी हुशार म्हणून ख्याती आहे. गेलो.

घरात माणसं पाच. काका एकाहत्तर वर्षांचे, काकू सहासष्टची, चुलतभाऊ, वहिनी आणि दुसरीतली नात. टीव्ही एक, हॉलमध्ये. जानेवारीपर्यंत महिन्याला तीनशे रुपये द्यायचे आणि दिसेल ते बघायचं, एवढाच हिशेब. फेब्रुवारीचा कागद आला ४०४ रुपयांचा. त्यावरून घरात दोन पक्ष पडले. दादाचं म्हणणं, "ते पैसेवाले चॅनेल सगळे काढून टाका, फुकट काय दिसतं ते बघा." काकू त्या दिवशी दादाशी बोलत नव्हती.

मला विचारलेला प्रश्न सरळ होता. ज्या चॅनेलसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात ते घेण्यात अर्थ आहे का? उत्तर तितकं सरळ निघालं नाही.

बिल उलगडताना

आधी नियम समजून घेतला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्च २०१७ मध्ये नवी दररचना काढली होती. प्रसारक, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्या कंपन्या, कोर्टात गेले, ३० ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ती घरोघरी पोहोचली. कल्पना चांगली होती. प्रत्येक चॅनेलची किंमत जाहीर करायची, ग्राहकाने हवं ते निवडायचं, तेवढ्याचेच पैसे द्यायचे. भाजीवाल्याकडे आपण वाटा घेत नाही, निवडून घेतो, तसं.

बिलाचे मुख्य तुकडे दोन. पहिला, जाळं वापरण्याचं भाडं. १०० चॅनेलपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये. त्याच्या पुढे दर २५ चॅनेलमागे २० रुपये. या शंभरात दूरदर्शनचे पंचवीसेक चॅनेल सक्तीचे. दुसरा तुकडा पैसेवाल्या चॅनेलच्या किमतीचा. सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकही विकतचं चॅनेल घेतलं नाही, तरी १५३ रुपये ४० पैसे द्यायचेच. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवेश जरा उतरला.

काकांच्या कागदावर भाडं होतं १९० रुपये आणि विकतच्या चॅनेलचे १५२. बेरीज ३४२, कर ६१ रुपये ५६ पैसे, एकूण ४०३ रुपये ५६ पैसे. केबलवाल्याने आपल्या मनानेच एक पॅक जुळवून दिला होता. त्यात विकतचे चॅनेल सदतीस.

१९० कुठून आले, हे शोधायला अर्धा तास गेला. काकांनी शंभरच्या पुढचे चॅनेल मोजले आणि पेन्सिल खाली ठेवली. पॅकमध्ये साधे चॅनेल १४९ होते आणि एक एचडी. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एक एचडी चॅनेल दोन साध्यांच्या बरोबरीचं धरायचे. १४९ अधिक २, झाले १५१. शंभरच्या वर ५१, म्हणजे पंचविसाचे दोन गठ्ठे भरून वर एक. त्या एकासाठी तिसरा गठ्ठा. रुपये वीस.

ते एचडी चॅनेल कुठलं? झी मराठी. साधं झी मराठी पॅकमध्ये होतंच. केबलवाल्या पोराने "काकू, चित्र एकदम स्वच्छ येतं" म्हणून एचडीही टाकून दिलं होतं. त्याची किंमत १९ रुपये, ते आल्यामुळे वाढलेलं भाडं २० आणि वर कर. म्हणजे ४६ रुपये २ पैसे. एकच मालिका दोन दोन नंबरांवर दिसावी म्हणून.

"आणि मी अजून जुन्याच नंबरावर बघते," काकू स्वयंपाकघरातून म्हणाली.

टीव्हीजवळची वही

आता इथे बहुतेक लोक जे करतात ते आम्हीही केलं असतं. प्रत्येकाने आपल्याला काय आवडतं ते सांगायचं, त्याची यादी करायची. पण माणूस आवडतं एक सांगतो आणि बघतो दुसरंच. दादाने यादीत पहिलं चॅनेल सांगितलं नॅशनल जिऑग्राफिक. काकांनी बातम्यांचे सहा चॅनेल सांगितले. सातव्याचं नाव आठवत नव्हतं म्हणून थांबले.

म्हणून एक वही ठेवली. दोनशे पानी, रिमोटच्या शेजारी, दोरीने पेन बांधून. १८ फेब्रुवारी ते १७ मार्च, चार आठवडे. कोणी, कुठलं चॅनेल, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. नुसता टीव्ही चालू आहे आणि घरात कोणी बघत नाहीये, ते लिहायचं नाही. काकांनी रकाने आखले. नातीला हा खेळ इतका आवडला की तिने पहिल्या दिवशी जाहिरातीही लिहून काढल्या.

महिन्याने बेरजा मारल्या. ते दुहेरी एचडी सोडलं, तर दीडशे चॅनेलांपैकी महिन्याभरात तासाभराहून जास्त बघितलेले निघाले चौदा. त्यातले पाच फुकटचे, बहुतेक मराठी बातम्यांचे आणि सह्याद्री. विकतचे नऊ. त्यांच्या तेव्हाच्या सुट्या किमती अशा: झी मराठी १९ रुपये, स्टार प्रवाह ९, कलर्स मराठी १०, सोनी मराठी ४, स्टार प्लस १९, स्टार स्पोर्ट्स १ हिंदी १९, पोगो सव्वाचार, नॅशनल जिऑग्राफिक २ आणि आज तक ७५ पैसे. बेरीज ८७ रुपये.

आता एक गंमत बघा. यादीत एकोणीसचा आकडा सारखा येतो. तो काही त्या कार्यक्रमांचा दर्जा मोजून आलेला नाही. ज्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांपर्यंत आहे तेच चॅनेल संचात, म्हणजे प्रसारक एकत्र बांधून एका किमतीला विकतो त्या चॅनेलांत, घालता येईल, असा ट्रायचा नियम होता. संचात तर बसायचंय आणि किंमतही जास्तीत जास्त लावायचीय, म्हणून बऱ्याच भाषांतलं आघाडीचं चॅनेल एकोणीसवर जाऊन बसलं. चपलांच्या दुकानात सगळं ९९९ ला असतं तसं. जुन्या लोकांना आठवत असेल, २००६ च्या अखेरीस दक्षिण मुंबईत 'कॅस', म्हणजे सेट-टॉप बॉक्स लावून विकतची चॅनेल निवडून घ्यायची पद्धत, आलं तेव्हा ट्रायने विकतच्या चॅनेलचा दर सरसकट पाच रुपये ठरवला होता. गिरगावातल्या आमच्या आत्याने तेव्हा वाण्याच्या यादीसारखी चॅनेलची यादी करून दिली होती.

पण किंमत जास्त म्हणजे चॅनेल महाग, हा हिशेब वहीने पार उलटा करून टाकला.

काकू संध्याकाळी झी मराठीवर ओळीने चार मालिका बघते. सोमवार ते शनिवार, रोज दोन तास. चार आठवड्यांचे ४८ तास. करासह किंमत २२ रुपये ४२ पैसे. ताशी ४७ पैसे. या दोन तासांत घरात वीज जळत नाही का, तर जळते; पण काकू तेवढा वेळ शांत बसते आणि दादाच्या वजनावर बोलत नाही, ही बचत मी धरलेली नाही. तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवायची नियमात परवानगी आहे. त्याबद्दल मी नाक मुरडलं तर काकू म्हणाली, "अरे, जाहिरात लागली नाही तर पोळ्या कधी लाटू?"

सोनी मराठी वहिनी बघते. आठवडाभर लोकल करून आल्यावर शनिवार-रविवारी हसायला एकेक तास. आठ तासांना ४ रुपये ७२ पैसे, ताशी ५९ पैसे. स्टार स्पोर्ट्सचा आकडा बघून मी स्वतः चमकलो. ऑस्ट्रेलियाचा संघ तेव्हा भारतात होता, दोन टी-ट्वेंटी आणि पाच एकदिवसीय, सगळे नेमके वहीच्या महिन्यात. नागपूरचा सामना तर आपण आठ धावांनी जिंकलो. काकांचे तास झाले छत्तीस. ताशी ६२ पैसे.

आणि झी मराठी एचडी? महिन्याभरात तीन तास, तेही नातीने चुकून नंबर दाबला म्हणून. ४६ रुपये २ पैसे भागिले तीन, ताशी १५ रुपये ३४ पैसे. एवढ्या पैशात तेव्हा डोंबिवली स्टेशनबाहेर वडापाव मिळत होता.

दादाच्या नॅशनल जिऑग्राफिकचे तास भरले सव्वा. पण ते दोन रुपयांचं चॅनेल. सोडून दिलं.

केबलवाल्याची बाजू

नऊ चॅनेलची यादी घेऊन काका केबलच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची खोली, वायरींची भेंडोळी, एक संगणक. तिथल्या पोराने यादी बघितली आणि म्हणाला, "काका, सुटं परवडत नाही. पॅकच घ्या."

हे वाक्य त्या महिन्यात महाराष्ट्रभर किती हजार वेळा म्हटलं गेलं असेल! निम्मं खरं आणि निम्मं सोयीचं.

खरी बाजू आधी. यादीत स्टार प्लस १९ आणि स्टार स्पोर्ट्स १ हिंदी १९, दोन्ही मिळून ३८. त्याच प्रसारकाचा ४९ रुपयांचा हिंदी संच होता, त्यात ही दोन्ही आणि वर दहाहून जास्त चॅनेल. म्हणजे अकरा रुपये टाकले, करासह तेरा, की सिनेमांचे चॅनेलही आले. सुटं घेणारा मूर्ख ठरावा अशीच ती मांडणी होती. ट्रायनेच २०१९ च्या ऑगस्टमध्ये चर्चापत्र काढून कबूल केलं की प्रसारक संचांवर सत्तर टक्क्यांपर्यंत सूट देतायत, त्यामुळे सुटी निवड नावालाच उरलीय. भाजीवाल्याने मेथीची एक जुडी तीस रुपयांना सांगायची आणि मेथी, पालक, शेपू, चुका मिळून पस्तीस. मग शेपू कोणी खात नसला तरी घरी येतोच.

प्रसारकाला हे हवं असतं, कारण त्याचं दुसरं उत्पन्न जाहिरातींचं. चॅनेल जितक्या घरांत पोहोचतं तितका जाहिरातीचा भाव वाढतो. कोणी आपणहून घेणार नाही असं चॅनेल संचात घालून पाठवलं की ते आपोआप लाखो घरांत 'उपलब्ध' होतं.

सोयीची बाजू म्हणजे केबलवाल्याची. वेगळा करार नसेल तर भाड्याच्या रकमेतला ४५ टक्के वाटा स्थानिक केबलवाल्याचा, ५५ टक्के वरच्या, म्हणजे त्याला चॅनेल पुरवणाऱ्या, कंपनीचा. १३० तले साडेअठ्ठावन्न त्याचे. वीस रुपयांच्या प्रत्येक जादा गठ्ठ्यामागे नऊ. विकतच्या चॅनेलच्या किमतीत प्रसारक कमीत कमी २० टक्के वितरणासाठी सोडतो, म्हणजे एकोणीसमधले ३ रुपये ८० पैसे, आणि त्यातही पुन्हा वरची कंपनी आणि हा अशी वाटणी. तेव्हा दीडशे चॅनेलचा पॅक खपवण्यात त्याचा फायदा होता, हे खरं. पण त्या पोराला खलनायक करायची माझी इच्छा नाही. त्या दोन महिन्यांत त्याने प्रत्येक घराची सुटी यादी संगणकात भरत बसायचं होतं, एक एक चॅनेल, शेकडो घरं, आणि वरचं सॉफ्टवेअर दर तासाला बंद पडत होतं. लोकांना निवडता येईना, म्हणून ट्रायने १२ फेब्रुवारीला मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवली आणि ज्यांनी यादी दिली नाही त्यांना त्यांच्या बघण्याला साजेसा पॅक लावा असं सांगितलं. साजेसा म्हणजे कसा, हे ठरवणार परत जिन्याखालचाच पोरगा.

काकांची यादी तीन वेळा दिली, तीन वेळा हरवली. चौथ्या वेळी काका स्टूल ओढून संगणकाशेजारी बसले.

खरी गळती कुठे होती

घरच्या बैठकीत मी सुट्याच्या बाजूने होतो. नऊ चॅनेल सुटे, ८७ रुपये, भाडं १३०, करासह २५६ रुपये ६ पैसे. काका संचाच्या बाजूने. तो ४९ चा एक संच आणि बाकीचे सात सुटे ४९ चे, कसा योग जुळला बघा, मिळून ९८. भाडं १३०. करासह २६९ रुपये ४ पैसे. फरक तेरा रुपयांचा.

"तेरा रुपयांत रविवारचा सिनेमा येतो," काका म्हणाले. मी म्हटलं, बघणार कोण? पुढच्या महिन्यात वही चालूच ठेवली. दोन रविवारी सगळ्यांनी मिळून सिनेमा बघितला, दुपारच्या जेवणानंतर, निम्मे पेंगत. सिनेमामागे साडेसहा रुपये. मी हरलो ते वहीत काकांनी लाल पेन्सिलने लिहून ठेवलंय.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ४०३ वरून बिल २६९ वर आलं. महिन्याला १३४ रुपये ५२ पैसे वाचले, वर्षाला सोळाशेच्या वर. हे पैसे कुठून वाचले ते कर सोडून बघा. एकूण ११४ रुपये. त्यातले विकतच्या चॅनेलमधले ३५. दुहेरी घेतलेल्या एचडीचे १९. आणि उरलेले ६० रुपये, म्हणजे निम्म्याहून जास्त, भाड्याच्या तीन जादा गठ्ठ्यांचे.

त्या गठ्ठ्यांत काय होतं? फुकटचे चॅनेल. घरात कोणालाच येत नाही अशा चार भाषांतल्या बातम्या. कढया आणि पोट कमी करायचे पट्टे विकणारे चॅनेल. एकाच बाबांचं प्रवचन दोन ठिकाणी. किंमत शून्य, पण शंभरच्या पुढे प्रत्येकाला जागेचं भाडं. घरातलं सगळं भांडण झालं काकूच्या एकोणीस रुपयांवर, आणि साठ रुपये चालले होते 'फुकट' या सदराखाली. दादा ज्या चॅनेलच्या नावाने ओरडत होता ते घरातलं सगळ्यात स्वस्त चॅनेल होतं, कारण ते रोज बघितलं जात होतं.

दादाने हे मान्य केलं. काकूकडे मात्र केलं नाही, माझ्याकडे केलं. जिन्यात.

काकांचं क्रिकेट

क्रीडा चॅनेलचं गणित वेगळं, कारण ते हंगामी आहे. काकूच्या मालिकांना सुट्टी नसते. क्रिकेटला असते, निदान एका चॅनेलपुरती.

२३ मार्चला आयपीएल सुरू झाली, १२ मेला संपली. मुंबईने चेन्नईला एका धावेने हरवलं त्या रात्री काकांनी शेजाऱ्यांची झोपमोड केली. मग ३० मेपासून विश्वचषक. एकोणीस रुपये वसूल झाले, व्याजासकट. १० जुलैला मँचेस्टरला आपण न्यूझीलंडकडून अठरा धावांनी हरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी फर्मान काढलं: "काढून टाक ते चॅनेल." रागाचं होतं, पण हिशेबाने बरोबर. ऑगस्टमध्ये भारताचा वेस्ट इंडीज दौरा होता, तो सोनीच्या क्रीडा चॅनेलवर. खेळ तोच, माणसं तीच, दुकान वेगळं. तेव्हा मायदेशातल्या सामन्यांचे हक्क एकाकडे होते, परदेशातल्या बऱ्याच दौऱ्यांचे दुसऱ्याकडे. वर्षभर क्रिकेट बघायचं तर दोन्ही दुकानांत खातं हवं होतं.

अडचण एवढीच की स्टार स्पोर्ट्स त्या ४९ च्या संचात बसलेलं होतं. ते काढायचं तर संच मोडावा लागणार, आणि संच मोडला की वहिनीचं स्टार प्लस परत एकोणीसला. म्हणजे क्रिकेट काढून वाचणार तीस रुपये आणि जाणार सिनेमेही. संचाची खरी गाठ ही असते. घेताना स्वस्त पडतो, सोडवताना घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी कार्यक्रमाला हात लागतो. काकांनी दोन दिवस विचार केला आणि संच राहू दिला. सोनीचं चॅनेल ऑगस्टपुरतं सुटं घेतलं आणि महिना संपल्यावर आठवणीने काढलं. आठवणीने, हा शब्द महत्त्वाचा आहे. कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी, "सोनी बंद" असं लिहून ठेवलं होतं.

मधल्या काळात काकांनी एक शंका काढली. भारताचे सामने दूरदर्शनवर दाखवायलाच लागतात ना? मग डीडी तर आपल्याकडे सक्तीचं आहे, वेगळे पैसे कशाला? बरोबर आठवलं होतं त्यांना. २००७ चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावं लागतं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि आपल्या डीडी फ्री डिशवर दाखवावं, खासगी केबल आणि डीटीएचवरून नाही. त्यामुळे सामन्याच्या वेळी केबलवर डीडी लावलं की दुसरंच काहीतरी चालू असतं. काकूच्या माहेरी, संगमेश्वराजवळ, मामांच्या कौलांवर फ्री डिशची थाळी आहे. एकदा बसवायचा खर्च, महिन्याला शून्य. ते तिकडे फुकटात सामना बघतात आणि चौकार गेला की काकांना फोन करतात, कारण त्यांचं चित्र काही क्षण आधी येतं. हे काकांना फारच लागलं.

फ्री डिश का नाही घेतली मग? काकूच्या चार मालिका त्यावर नाहीत. विषय संपला.

पुढची पाच वर्षं

नियम बदलत राहिले. १ मार्च २०२० पासून त्याच १३० रुपयांत २०० चॅनेल आले, दूरदर्शनचे सक्तीचे त्यातून वेगळे. वर कितीही घ्या, भाडं १६० च्या पुढे नाही. एचडीने गठ्ठा ओलांडायची गंमत तिथे संपली, आणि आमच्या वहीतला सगळ्यात भारी शोध एका वर्षात निकामी झाला. काका आणि दादाची रिमोटवरून रोजची हाणामारी टाळायला आतल्या खोलीत दुसरा टीव्ही घेतला, त्याच्या भाड्यावर चाळीस टक्क्यांची मर्यादा होती, म्हणून ५२ रुपये. शांततेची किंमत, असं वहिनी म्हणाली.

लगेच टाळेबंदी आली. १९ मार्चपासून चित्रीकरण बंद, आणि झी मराठीवर जुलैपर्यंत जुनेच भाग. पैसे तेवढेच. त्या दिवसांत घरात सगळ्यात जास्त बघितलं गेलं ते दूरदर्शनवर २८ मार्चपासून परत लागलेलं 'रामायण', म्हणजे सक्तीचं, बिनकिमतीचं, ज्याच्याकडे आम्ही वर्षभर जागा अडवणारं चॅनेल म्हणून बघत होतो ते. एप्रिल २०२० मध्ये काकूच्या चॅनेलचा ताशी दर काढला असता तर वेगळाच आला असता. काढला नाही. तेव्हा वहीत दुसऱ्याच गोष्टी लिहायच्या होत्या, किराणा कधी आला, कोणाचा ताप किती.

संचातल्या चॅनेलची मर्यादा ट्रायने १९ वरून १२ वर आणायचं ठरवलं, त्यावर मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली, जून २०२१ मध्ये तिथे नियमांचा बराचसा भाग टिकला. मग प्रसारकांनी आपले लोकप्रिय चॅनेल बाराच्या वर नेऊन संचाबाहेर ठेवायची तयारी केली. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये १९ परत आले, संचावरच्या सवलतीला ४५ टक्क्यांची वेसण घालून. नवे दर १ फेब्रुवारी २०२३ पासून. त्या दरांवरून प्रसारक आणि केबल कंपन्यांचं बिनसलं आणि त्या महिन्यात काही दिवस अनेक केबल जाळ्यांवरची मोठी चॅनेल काळी पडली. काकूचंही पडलं. चार दिवस काकूने मालिका शेजारच्या डीटीएचवर बघितली आणि परत येऊन आम्हाला कथानक सांगितलं, ते मूळ मालिकेपेक्षा बरं होतं. ८ जुलै २०२४ ला ट्रायने भाड्यावरची कमाल मर्यादाही उठवली. १३० चा आधार गेला. आता जिन्याखालच्या खोलीत विचारावं लागतं, की बाबा रे, तुझं भाडं किती?

दादा तोवर टीव्हीपासून उठून गेला होता. २०२३ ची आयपीएल मोबाइलवर फुकट होती, तेव्हा त्याने काकांना पुन्हा ऐकवलं की चॅनेल काढा. काकांनी त्या छोट्या पडद्यावर दोन षटकं बघितली, चेंडू दिसेना, फोन परत केला. दोन वर्षांत ते फुकटही गेलं आणि तिथेही महिन्याचा, तिमाहीचा पॅक आला. दादा आता तीन ठिकाणी पैसे भरतो. त्याच्या वर्गण्यांची वही करू का, असं मी विचारलं. नको म्हणाला.

गेल्या दिवाळीला डोंबिवलीला गेलो होतो. वही अजून आहे, रिमोटखाली, दोरीचं पेन बदललेलं. काकांनी चालू बिल पुढे केलं. नऊ चॅनेलची यादी आता आठवर आली होती, आज तक काकांनी रागाने काढलं होतं, कशावरून ते विचारलं नाही. ओळींवरून बोट फिरवताना मी पोगोपाशी थांबलो. नात आता आठवीच्या पुढे गेलेली, तिचा फोन वेगळा, ती हॉलमध्ये बसतच नाही. वहीत मागे जाऊन बघितलं. पोगोची शेवटची नोंद अडीच वर्षांपूर्वीची.

"हे काढायचं राहिलंय, काका."

काका काकूकडे बघायला लागले.

"राहू दे रे," काकू म्हणाली. "सुट्टीत खालच्या मजल्यावरची पोरं येतात जेवायला. त्यांच्यापुढे काय लावू?"